गाभडलेल्या म्हशींचं रक्त तपासायला पाठवावं का? प्रयोगशाळेच्या खर्चाचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. संगमेश्वर तालुक्यात तुमच्याकडे पाच म्हशी आणि दहा-बारा शेळ्या आहेत. महिन्याभरापूर्वी एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली, पंधरा दिवसांनी दुसरीही गाभडली. डॉक्टरांनी पाचही म्हशींचं रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं. रक्त काढणं, बर्फाचा डबा, कुणाला तरी घाट चढून पाठवणं, सगळं धरून खर्च अडीच हजारांच्या घरात जातो. मुंबईचा भाऊ म्हणतो, "रेडकू गेलं ते गेलं, रक्त तपासून ते परत येणार आहे का?" आणि शेवटी तुम्ही विचारलंय, दवाखान्यात साधी औषधं वेळेवर नसतात, मग सरकार प्रयोगशाळांवर पैसा का घालतं?

मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात बरीच वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. हा प्रश्न मला गोठ्यात उभं असताना दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भावाचं म्हणणं गेलेल्या रेडकापुरतं खरं आहे. पण तुमच्या गोठ्यात अजून तीन म्हशी उभ्या आहेत, त्यातल्या दोन गाभण आहेत असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय शेळ्या आहेत, घरात दूध पिणारी माणसं आहेत. रक्त पाठवायचं ते यांच्यासाठी. कुठलीही चाचणी करण्याआधी मी मालकाला एकच गोष्ट विचारते: निकाल असा आला तर तुम्ही काय कराल, आणि तसा आला तर काय कराल? दोन्ही वेळेला उत्तर एकच येत असेल तर चाचणीचे पैसे वाचवा. उत्तर बदलत असेल तर चाचणीची किंमत त्या बदललेल्या निर्णयाशी ताडून बघायची.

तुमच्या बाबतीत उत्तर बदलतं, आणि चांगलंच बदलतं. गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत पाठोपाठ दोन म्हशी गाभडल्या की पहिला संशय ब्रुसेलोसिसवर, म्हणजे ब्रुसेला जंतूच्या रोगावर जातो. आपल्याकडे त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. पण गाभडण्याला तेवढंच कारण नसतं. लेप्टोस्पायरा (लेप्टो) हा जंतू आपल्या भातखाचरांच्या मुलखात नवा नाही. उंदरांच्या लघवीतून तो साठलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसाइतकाच जनावरालाही होतो. पावसानंतर माश्या वाढल्या की त्यांच्या चाव्यातून पसरणारा सर्रा हा रोग येतो, त्यात ताप चढून म्हैस गाभडू शकते. बुरशी आलेला पेंढा, मोठा ताप, पाय घसरून पडणं, हीसुद्धा कारणं असतात. नुसतं बघून यातलं कुठलं ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

आता निर्णय कसे बदलतात ते बघा. ब्रुसेलोसिस निघाला तर जनावरावर भरवशाचा इलाज नाही. औषधांवर पैसा घालायचाच नाही, हाच पहिला फायदा. बाधित म्हैस वेगळी बांधायची, तिची विण्याची जागा वेगळी ठेवायची, वार आणि गाभडलेलं पिल्लू चुना टाकून खोल पुरायचं. कुत्र्यानं ओढून नेलं तर रोग अख्ख्या वाडीत फिरतो. अशी म्हैस गाभण म्हणून बाजारात विकायची नाही, कारण तुमचा रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो, आणि तिथली एखादी म्हैस उद्या तुमच्याच शेजारी विकायला येते. घरात पारड्या असतील तर त्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच टोचून घ्यायची. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूताबरोबर हीच लस आहे, त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. उलट सर्रा किंवा लेप्टो निघाला तर औषध आहे, आणि वेळेत दिलं तर उरलेल्या दोन गाभण म्हशी वाचू शकतात. म्हणजे एका निकालात औषध बंद करायचं आणि दुसऱ्यात लगेच सुरू करायचं. अंदाजानं दोन्ही एकदम करता येत नाही.

आकड्यांत मांडते. हे आकडे मी धरून चालले आहे, तुमचे तुम्ही घाला. म्हैस दिवसाला पाच लिटर देते, वेत आठ महिन्यांचं, दूध गावात साठ रुपयांनी जातं. बाराशे लिटरचे बहात्तर हजार झाले. पेंड, चारा, औषधपाणी यांत निम्मे गेले तरी छत्तीस हजार हातात राहतात. म्हैस गाभडली की त्यातलं बरंचसं जातं, वर भाकड जनावर वर्षभर पोसायचं आणि रेडकू गेलं ते वेगळं. अडीच हजारांच्या चाचणीमुळे असं एक गाभडणं टळलं तर ती चौदा पटींनी परत येते. दुसऱ्या बाजूनं बघा: अशा चौदा गोठ्यांत चाचणी केली आणि त्यांतल्या एकाच गोठ्यात एक वेत वाचलं, तरी सगळ्यांचा मिळून खर्च निघतो. दोन म्हशी लागोपाठ गाभडल्या असताना निदान चौदांत एक एवढी शक्यता तर नक्कीच आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला मला बरोबर वाटतो.

या हिशेबात माणसं आलेलीच नाहीत. ब्रुसेला माणसाला होतो. येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधे आणि कंबर महिनोन्महिने दुखणं, आणि दवाखान्यात मलेरिया-टायफॉइडच्या तपासण्या करून हाती काही लागत नाही. म्हशीची वार हातानं काढणारा आणि गाभडलेलं पिल्लू उचलणारा माणूस यात सगळ्यांत आधी सापडतो. निकाल येईपर्यंत हातमोजे घालूनच हात लावा, दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला गोठ्यापासून लांब ठेवा. घरात कुणाला असा लांबलेला ताप असेल तर डॉक्टरांना आपल्याकडे म्हशी गाभडल्यात हे आवर्जून सांगा. तेवढ्या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते.

तुमच्या शेळ्यांकडे डॉक्टरांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. शेळ्यांमध्ये ब्रुसेलाची जी जात जास्त करून सापडते ती माणसाला म्हशीच्या जातीपेक्षा अधिक त्रास देते. त्या एकाच वाड्यात बांधल्या जात असतील तर म्हशींबरोबर चार-पाच शेळ्यांचंही रक्त पाठवा. डबा तोच, बर्फ तोच, खर्च थोडाच वाढेल.

आणखी एक गोष्ट. पुण्याला जाण्याआधी रत्नागिरीच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात फोन करून विचारा. ब्रुसेलाची पहिली चाळणी रोझ बंगाल चाचणीनं होते. रक्तातलं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळं पाणी) आणि गुलाबी अँटिजेनचा, म्हणजे मारलेल्या ब्रुसेला जंतूंच्या द्रावणाचा, थेंब पांढऱ्या फरशीवर किंवा काचेवर मिसळतात, चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर नमुना संशयित. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. अँटिजेन उपलब्ध असेल तर ती जिल्ह्यातच होईल आणि खात्रीसाठी फक्त संशयित नमुनेच एलायझा चाचणीला पुढे जातील. मग तुमचे अडीच हजार एकदम खाली येतात. आणि गाभडल्याबरोबर काढलेल्या रक्तात कधी कधी अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली द्रव्यं, दिसतच नाहीत. तुमच्या पहिल्या म्हशीला महिना झालाय, तिचं रक्त आता काढायला योग्य वेळ आहे. दुसरीचं आता एकदा काढा आणि निकाल नकारात्मक आला तर तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. पूर्वी लहानपणी लस टोचली असेल तर तेही नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहा, नाहीतर लसीच्या अँटिबॉडीला रोग समजायची शक्यता असते.

हे झालं तुमच्या म्हशींचं. पण तुमचा मूळ प्रश्न प्रयोगशाळेच्या किमतीचा आहे, म्हणून आणखी एक उदाहरण देते. त्यात प्रयोगशाळा म्हणजे नुसता एक मायक्रोस्कोप आहे.

आपल्याकडे म्हशीला लाल किंवा कॉफीसारखी लघवी होते, लोक रक्तलघवी म्हणतात. मालक सांगतो, गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या म्हशीला हेच झालं होतं आणि अमुक इंजेक्शननं बरी झाली, तेच द्या. आता ही लघवी गोचिडातून येणाऱ्या बबेसिया या रक्तातल्या जंतूमुळे होऊ शकते. तेव्हा डायमिनाझीन लागतं. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत, भरपूर दूध देणाऱ्या म्हशीत स्फुरद कमी पडल्यानंही होते. तेव्हा सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून द्यावं लागतं, आणि डायमिनाझीनचा काडीचा उपयोग नसतो. लेप्टोमध्येही होते, तिथे तिसरंच औषध. ताप आहे का, अंगावर गोचीड आहेत का, व्याल्याला किती दिवस झाले, यावरून अर्धं कळतं. उरलेलं अर्धं काचपट्टी सांगते.

कानाच्या टोकाची शीर टोचून येणारा थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं एका झटक्यात पातळ ओढायचा, इतका की खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. खरी अडचण पुढे सुरू होते. जुलै महिन्यात आपल्याकडे हवा इतकी ओली असते की थेंब वाळतच नाही. तोवर माशी येऊन बसते आणि मुंग्या तर अख्खा थर खाऊन टाकतात. मी काच वाळल्याबरोबर मिथेनॉलमध्ये बुडवते, कागदात गुंडाळते आणि झाकणाच्या डब्यात ठेवते. मग गिम्सा रंगात अर्धा-पाऊण तास ठेवली की तेलाच्या भिंगाखाली लाल पेशींच्या आत नासपतीसारखे जोडीनं बसलेले जंतू दिसतात. ते दिसले की औषध ठरलं. नाही दिसले, ताप नाही, आणि म्हैस व्यायल्याला तीन आठवडे झालेत, तर स्फुरदाची बाटली लावायला मी तासभरही थांबत नाही. काचपट्टी आणि रंगाला जेमतेम काही रुपये लागतात. चुकीच्या इंजेक्शनात फुकट जातात ते दोन दिवस, आणि रक्तलघवीच्या म्हशीकडे पुष्कळदा तेवढेच दिवस असतात. जिल्ह्याजिल्ह्यात मोठ्या यंत्रांआधी तालुक्याच्या दवाखान्यात चालू स्थितीतला मायक्रोस्कोप आणि तो बघू शकणारा माणूस असावा, असं मला मनापासून वाटतं. खर्चाच्या मानानं सगळ्यांत जास्त परतावा तिथे आहे.

जंतांचंही तसंच. भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, वहाळाच्या आणि पऱ्याच्या काठानं, वायंगणाच्या ओल्या वाफ्यांच्या कडेनं चरतात. तिथल्या गोगलगायींतून लिव्हर फ्लुक म्हणजे पर्णकृमी पोटात जातो. मग जनावर खंगतं, जबड्याखाली सूज येते, दूध तुटतं. मालक दुकानातून आयव्हरमेक्टिन आणतो. एकदा देतो, पंधरा दिवसांनी पुन्हा देतो. आयव्हरमेक्टिन गोल जंतांना आणि गोचिडांना मारतं, पर्णकृमीला मारत नाही. शेण पाण्यात ढवळून, गाळून, तळाशी बसू दिलं आणि तो गाळ बघितला तर पर्णकृमीची सोनेरी अंडी दिसतात. मग ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोल लागतं आणि त्यांचा वेळ ठरवता येतो. सहा-सात जनावरांचं शेण एकत्र करून एकच तपासणी केली तरी कळपाचा अंदाज येतो. या तपासणीसाठी कुणाला घाट चढावा लागत नाही, तरी ती क्वचितच केली जाते. का? कारण शेण तपासायला नेण्यापेक्षा बाटली विकत घेणं सोपं वाटतं. बाटलीचे पैसे तर जातातच, शिवाय जनावर दोन महिने खंगत राहतं, आणि ते नुकसान कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं.

दगडी कासेबद्दल थोडक्यात. एका सडाला दाह झाला की अँटिबायोटिकची ट्यूब भरली जाते, नाही उतरला की दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी काही दिवस दूध ओतून द्यावं लागतं. दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन कोणत्या औषधाला जंतू दाद देतो ते तपासलं, तर दोन ट्यूब आणि आठवड्याभराचं दूध वाचतं. मात्र नमुना ट्यूब भरण्याआधी घ्यायला हवा. नंतर घेतला तर त्यात काही उगवत नाही.

आता चाचणी कधी नको तेही सांगायला हवं, नाहीतर मी प्रयोगशाळेची जाहिरात करते असं वाटेल. तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, लक्षणांवरून ओळखता येतो आणि तो सहसा आपोआप उतरतो. गावात लाळ्या खुरकूताची साथ चालू असल्याचं एकदा सिद्ध झालं की प्रत्येक जनावराचा नमुना पाठवण्यात अर्थ नाही. पहिल्या एक-दोन जनावरांचा मात्र जरूर पाठवावा, कारण जंतूचा प्रकार कळतो आणि लस त्याला लागू पडते का ते ठरतं. निकाल येईपर्यंत जनावर वाचणार नाही आणि गोठ्यात दुसरं जनावरच नाही, तर मी मालकाचा खर्च वाढवत नाही, उपलब्ध माहितीवर इलाज करते. आणि नमुना नीट पोचणारच नसेल तर पाठवूच नका. सडलेल्या रक्तावर आलेला निकाल काहीच न कळण्यापेक्षा वाईट, कारण तो खरा मानून पुढचे निर्णय घेतले जातात.

म्हणून नमुन्याविषयी चार गोष्टी. सीरमसाठी लाल झाकणाच्या नळीत रक्त घ्या, तासभर तिरपं ठेवा, गुठळीवर पिवळं पाणी सुटलं की तेच वेगळ्या नळीत काढून थंड करा. अख्खं रक्त बर्फाच्या कप्प्यात गोठवू नका, पेशी फुटून सगळं लाल होतं. नळी बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कागद किंवा कापूस घाला. मऊ अवयवांचे तुकडे पेशींच्या तपासणीसाठी दहा टक्के फॉर्मलिनमध्ये जातात, जंतू वाढवायचे असतील तर फॉर्मलिन चालत नाही. प्रत्येक नळीवर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक लिहा. पेनानं लिहिलेलं बर्फाच्या पाण्यात विरघळतं, पेन्सिलनं लिहून वर चिकटपट्टी लावा. नमुना शुक्रवारी निघाला तर शनिवार-रविवारी कुणी उघडत नाही, सोमवारी पहाटे निघालेला त्याच दिवशी पोचतो. कुंभार्ली किंवा आंबा घाट बंद पडण्याच्या दिवसांत आधी चौकशी करून निघा. आणि कुठलंही जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून काळसर न गोठणारं रक्त आलं असेल तर ते फाडू नका, कातडी काढू नका. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू हवा लागली की तयार होतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. तेव्हा कानाच्या टोकाचं रक्त काचेवर घेतलं तरी पुरतं.

आता सरकारी खर्चाचा प्रश्न. औषध आणि प्रयोगशाळा यांतलं एक निवडायचं, असा हिशेब मला पटत नाही. पण तुमची चीड मला कळते, कारण औषध गोठ्यात दिसतं आणि प्रयोगशाळेचा फायदा ज्याला होतो त्याला तो झाल्याचं समजतसुद्धा नाही. रोग तुमच्या गावात शिरलाच नाही, याचं कुणी बिल काढत नाही.

कोंबडीवाल्यांना विचारून बघा. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. त्याची खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत झाली आणि तिथल्या फार्मांवरच्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. 2021 च्या जानेवारीत दापोलीत मेलेल्या कावळ्यांचे नमुने बाधित निघाले, 2025 च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला रोग सापडला. अशा वेळी बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. अफवा मात्र शेकडो किलोमीटर जाते. चिकनचा भाव पडतो, रोगाशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या कोंबड्या पिंजऱ्यात वजन धरत बसतात आणि रोज खाद्य खातात. त्या दहा किलोमीटरच्या बाहेर "इथे रोग नाही" असं सांगणारा निकाल जितका लवकर येतो तितके दिवस त्या माणसाचे वाचतात. नकारात्मक निकाल म्हणजे पैसे फुकट गेले, असं लोक म्हणतात. बाजार उघडायला मात्र नेमका तोच निकाल लागतो.

भरपाईचा नियमही लक्षात ठेवा. रोग रोखण्यासाठी सरकार जे जिवंत पक्षी मारतं, जी अंडी आणि खाद्य नष्ट करतं, त्यांची भरपाई मिळते. रोगानं आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणजे ज्यानं पहिल्या दिवशी कळवलं, नमुना दिला, त्याच्या पदरात काहीतरी पडतं. आठवडाभर लपवून ठेवणाऱ्याच्या मेलेल्या कोंबड्या वजा होत जातात. 2009 च्या पशुरोग प्रतिबंध कायद्यानं यादीतले रोग कळवणं मालकावर बंधनकारक केलंय, पण कायद्याचं भय घालण्यापेक्षा मी लोकांना हा भरपाईचा हिशेब समजावून सांगते, तो लगेच पटतो.

दक्षिणेला गेलात तर सिंधुदुर्गातलं दोडामार्ग आहे. 2016 मध्ये तिथे माकडतापाचे रुग्ण सापडले. हा विषाणू 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, तो गोचिडांतून पसरतो. जंगलात माकडं मरायला लागली की पुढे काजूच्या हंगामात बागेत जाणारी माणसं आजारी पडण्याचा धोका असतो. मेलेलं माकड कुणीतरी कळवलं, त्याचा नमुना आणि तिथल्या गोचिडी तपासल्या गेल्या, तर गावाला आधीच सावध करता येतं. अंगाला लावायचं औषध, पूर्ण कपडे, गुरांच्या अंगावरच्या गोचिडी काढणं, हे वेळेत होतं. ऐन काजूच्या दिवसांत घरातला कमावता माणूस दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळला तर त्या घराचं वर्ष जातं. ती तपासणी पशुसंवर्धन खात्याच्या खर्चात मोजायची की आरोग्य खात्याच्या? फायदा तर बागायतदाराचा झाला.

सगळ्यांत मोठं उदाहरण बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या साथीचं. जुनी माणसं अजून त्या नावानं शिव्या घालतात, इतकी ती भयंकर होती, गोठेच्या गोठे रिकामे करायची. लसीनं ती आटोक्यात आली. पण ती संपली हे सिद्ध करायला लस बंद करावी लागली, आणि लस बंद करून मोठ्या प्रमाणावर गुरांचं रक्त तपासत राहावं लागलं, कुठे जंतू लपून बसलाय का हे बघायला. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला, 2011 मध्ये सगळं जग झालं. तेव्हापासून बुळकांडीच्या लसीवर आपला एक रुपया खर्च होत नाही, तो दरवर्षी वाचतो. लस नसती तर ही मजल गाठता आली नसती, आणि प्रयोगशाळा नसत्या तर लस थांबवण्याचं धाडस कुणी केलं नसतं.

कोकणाची अडचण वेगळी आहे, ती मान्य करायला हवी. पश्चिम महाराष्ट्रात एका गोठ्यात पन्नास गाई असतात, त्यांना चाचणीचा खर्च जाणवत नाही. आपल्याकडे दोन म्हशी, चार गावठी गुरं, पाच शेळ्या, आणि घरं डोंगराच्या कुशीत विखुरलेली. एका घराचा हिशेब केला तर पुण्याची फेरी बहुतेक वेळा महागच पडते. तुमच्या बाबतीत परवडते, कारण पाच म्हशी आहेत आणि संशय मोठा आहे. शेजारच्या दोन म्हशींवाल्यानं मला विचारलं असतं तर मी थोडं थांबायला सांगितलं असतं. यावर मला दिसणारा उपाय म्हणजे दूध संस्थेनं हा खर्च उचलायचा. लिटरमागे काही पैसे बाजूला काढायचे, महिन्यातून एक डबा जाणार हे ठरवायचं, आणि त्यात वाडीतल्या पाच-सहा घरांचे नमुने एकत्र जायचे. प्रवासाचा खर्च वाटला गेला की चाचणीची फी तितकीशी जड राहत नाही. गाईंच्या बाबतीत संस्थेच्या कॅनमधल्या एकत्र दुधावर रिंग चाचणी करून ब्रुसेलाचा अंदाज आधीच घेता येतो. म्हशीच्या दुधावर ती तितकी भरवशाची नाही, तिथे रक्तच लागतं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. उद्या सकाळी आधी रत्नागिरीला फोन करा, रोझ बंगालचं अँटिजेन आहे का ते विचारा. असेल तर सोमवारी पाच म्हशी आणि चार शेळ्यांचं सीरम घेऊन जा, आणि वाडीत आणखी कुणाची म्हैस या वर्षात गाभडली असेल तर तिचंही त्याच डब्यात घाला, त्यांच्याकडून निम्मं भाडं घ्या. दोन्ही गाभण म्हशी आजपासूनच गाभडलेल्यांपासून लांब बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा. दुसऱ्या म्हशीची वार अजून कुठे उघड्यावर पडली असेल तर ती आजच पुरून टाका. निकाल आला की इथेच लिहा, बाधित निघालेल्या म्हशीचं पुढे काय करायचं ते तिचं वय, दूध आणि तुमच्या गोठ्याची जागा बघून ठरवू.